भूगोलाचा तास ओसरीवर

मैत्रिणींनो, घरात कुणी दहावीला बसायचे म्हटले की सगळ्यांना घोर लागतो तो गणिताचा आणि इंग्रजीचा. भूगोलाला कुणी विचारत नाही. "तो काय, पाठ करायचा विषय!" असे म्हणून त्याचे पुस्तक फडताळात वर जाते आणि परीक्षेला आठ दिवस राहिले की खाली येते. शाळेत जाणाऱ्या मुलांचे त्यातही कसेबसे भागते. वर्गात नकाशा टांगलेला असतो, बाईंनी दोन शब्द सांगितलेले असतात. पण जी मुलगी घरी राहून १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी देणार, तिचे काय? तिच्या वर्षभराच्या भूगोलाची आखणी कुणी करायची? तर बहुधा तुम्हीआम्हीच. आई, वहिनी, काकू, नाहीतर शेजारची शिकलेली बाई.

आमच्या बीड जिल्ह्यात अशा मुली किती, हे कुणाला वेगळे सांगायला नको. दिवाळी झाली की गावेच्या गावे ट्रकात, ट्रॅक्टरात बसून ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी पार कर्नाटकात बेळगाव-बागलकोटला. परततात ती मार्च-एप्रिलात. लहान मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे असतात, तिथे त्यांची जेवणाची, राहण्याची सोय लागते. पण २००९ च्या कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. नववीची शाळा दुसऱ्या गावाला. मग पंधरा वर्षांची मुलगी घरी एकटी कशी ठेवायची, हा आईबापांचा प्रश्न खोटा नसतो. ती त्यांच्याबरोबर फडावर जाते, कोपीत स्वयंपाक करते, धाकट्याला सांभाळते. किंवा तिचे लग्न उरकले जाते.

मी भूगोल घेऊन बी.ए. झाले आणि तासिका तत्त्वावर शिकवते. दुपारी घरचे आवरले की आमच्या ओसरीवर तिघी जणी येऊन बसत. एक ऊसतोडीवाल्या घरची, आठवीनंतर शाळा सुटलेली. दुसरी आमच्याच गल्लीतली सून, नववीत असताना लग्न झालेले, कडेवर पोर. तिसरी आजारी आजीची शुश्रूषा करणारी. तिघींची नावे मी इथे देत नाही, त्यांना ते आवडायचे नाही.

आधी फॉर्मचे सांगते, कारण त्यातच पुष्कळ जणी अडतात. शाळा सुटलेल्या मुलामुलींना राज्य मंडळाची दहावी खाजगीरीत्या देता येते, त्याचा हा १७ नंबरचा अर्ज. तो आता मंडळाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो आणि मग मंडळाने नेमलेल्या संपर्क शाळेत कागद नेऊन द्यावे लागतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो. दाखला म्हटला की लोक ट्रंका उपसू लागतात! तो आधीच शोधून ठेवा. तारखा दरवर्षी मंडळ जाहीर करते. जून-जुलैपासूनच संपर्क शाळेत चौकशी चालू ठेवलेली बरी. दिवाळीनंतर जाग आली तर वर्ष हातचे गेले समजा.

आता अभ्यासाचे. पहिल्या वर्षी मी काय केले, तर शाळेत करतात तेच केले. पुस्तक उघडले, पहिल्या धड्यापासून सुरुवात केली, दर महिन्याला एक धडा असा हिशेब मांडला. जून ते फेब्रुवारी नऊ महिने, पुस्तकात धडेही नऊ! मला माझ्याच हुशारीचे कौतुक वाटले. दिवाळीपर्यंत आम्ही चौथ्या-पाचव्या धड्यापर्यंत आलो. मग ऊसतोडीवाली ट्रकात बसून गेली. जाताना पुस्तक पिशवीत घातले, "फेब्रुवारीत येते बाई" म्हणाली.

ती आली गुढीपाडव्याला. परीक्षा होऊन गेली होती. आई तापाने पडलेली, उचल फिटायची राहिलेली, मुकादमाने सोडले नाही. पुस्तक तिने मला परत दाखवले. चौथ्या धड्यापर्यंत पाने मळलेली, पुढची कोरी करकरीत. ती रडली नाही. मलाच कसेतरी झाले. कारण दोष तिचा नव्हताच. घरात बसून राहणाऱ्या मुलीचा आराखडा मी, सहा महिने रस्त्यावर आणि फडात असणाऱ्या मुलीला दिला होता.

दुसऱ्या वर्षी मी पुस्तक बाजूला ठेवले आणि आधी तिचे वर्ष मांडले. जून ते दसरा ती गावात. दिवाळी ते जानेवारी फडावर. फेब्रुवारीत परीक्षेची तयारी. ज्याला शिकवणारे माणूस समोर लागते, ते सगळे दसऱ्याच्या आत उरकायचे: नकाशा भरणे, आलेख काढणे, अक्षांश-रेखांश, वारे आणि पाऊस. जे वाचून, पाहून, लिहून होते ते फडावर न्यायचे. भूगोलाचा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. त्यात नकाशा आणि आलेख यांचे गुण हातचे असतात. हात बसला की बसला.

अक्षांश-रेखांशाला आम्ही ठिपक्यांची रांगोळी घेतली. मुलींना समान अंतरावर ठिपके देणे शिकवावे लागत नाही! पुस्तकातल्या नकाशावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढेच ठिपके अंगणात मोठ्या अंतरावर द्यायचे आणि चौकटीमागे चौकट जुळवत किनारा ओढायचा. भारत दोन दिवसांत जमला. ब्राझीलला आठवडा लागला, कारण त्याचा आकार डोळ्यांत बसलेला नसतो. २०१८ पासून दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील या दोन देशांची जोडी आहे, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक धड्यात दोन्ही देश शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. मला आधी हे मुळीच पटले नव्हते. आमच्या मुलींना बीडच्या पलीकडचे जालना माहीत नाही आणि ब्राझील कुठला शिकवायचा! माझे हे मत पुढे बदलले, ते कशाने, ते सांगतेच.

बीड शहर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि पावणेशहात्तर अंश पूर्व रेखांशावर आहे. आपले घड्याळ चालते ते साडेब्याऐंशी अंश रेखांशावर. मधले अंतर पावणेसात अंशांचे, दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे सत्तावीस मिनिटे मागे. हे फळ्यावर मांडले तर तिघी जांभया देतात. अंगणात काठी रोवून बारा ते पाऊण दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायला सांगितले तर उन्हातही उठत नाहीत. सावली सर्वांत आखूड होते ती बाराला नव्हे, बाराच्या पुढेच. किती पुढे, ते ऋतूप्रमाणे थोडे बदलते. मेच्या पंधरा-सोळा तारखेच्या आसपास आभाळ स्वच्छ असेल तर बीडला काठीची सावली नाहीशीच होते, काठीच्या बुडाशी जाते. सूनबाईने हे आपल्या सासऱ्यांना दाखवले. त्या दिवसापासून सासऱ्यांची ओसरीविषयीची कुरकुर कमी झाली, हा भूगोलाचा एक फायदाच म्हणायचा.

डोंगर-नद्यांसाठी मी पहिल्यांदा कणीक भिजवली होती. आजी ओरडल्या, "अन्न असं खेळायला घेत्यात व्हय?" त्यांचे बरोबरच होते. मग पोळ्याला बैल करून उरलेली माती घेतली. जुन्या पत्र्याच्या ताटात डावीकडे सह्याद्रीची उभी भिंत, तिथून उजवीकडे निघालेले बालाघाटचे डोंगर, वर गोदावरी, खाली भीमा. मातीत काडीने नदी ओढायची आणि लोटीने पाणी सोडून पाहायचे. आपला जिल्हा म्हणजे दोन खोऱ्यांमधला पाळ आहे, हे त्या ताटात जितके कळते तितके कुठल्याही पुस्तकात कळत नाही. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा माजलगावच्या धरणातून पुढे गोदावरीला. पाटोदा तालुक्यात उगवलेली मांजरा लातूर, बिदर असा मोठा वळसा घालून पुन्हा गोदावरीलाच. आणि आष्टीकडची सीना मात्र भीमेला, म्हणजे कृष्णेच्या घरी. "एकाच डोंगरावरचं पाणी अन् दोन सासरं," असे सूनबाई म्हणाली. मी ते वाक्य तसेच वहीत लिहून घ्यायला लावले.

पावसासाठी चूल पुरते. चहाच्या आधणावर थंड ताट तिरपे धरा. वाफ ज्या बाजूने ताटाला लागते त्या बाजूने थेंब ओघळतात, पलीकडची बाजू कोरडी राहते. सह्याद्री हे ते ताट. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि आपल्या बीडला जेमतेम साडेसहाशे-सातशे. आम्ही ताटाच्या कोरड्या बाजूचे. मग बाहेर पत्र्याच्या डब्यात पाऊस मोजायचा. डबा तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा हवा, फूटपट्टी त्याच डब्यात उभी करायची आणि रोज सकाळी आकडा लिहून पाणी ओतून टाकायचे. चार महिन्यांचा आकडा हाती आला की त्याचाच स्तंभालेख. आलेख परीक्षेत येतोच, तर स्वतःच्या अंगणातल्या पावसाचा का नको?

त्याच आकड्यावरून एक हिशेब करून घेतला, तो तुम्हीही करून पाहा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद पत्रा. त्यावर वर्षाचा साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? सुमारे सहा हजार लिटर. दोनशे लिटरचे तीस पिंप! तिघी पत्र्याकडे बघत राहिल्या. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि पाण्यावाचून परळीची वीजनिर्मिती थांबल्याचेही आपण पाहिले आहे. दुष्काळ हा धड्यातला मुद्दा नाही इकडे, तो घरातला माणूस आहे.

लोकसंख्येच्या धड्याला मला भीती वाटत होती. लिंगगुणोत्तर शिकवायचे तर आपल्या जिल्ह्याचे आकडे टाळून कसे चालेल? २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८०७. त्याआधी २००१ ला ८९४ होत्या. दहा वर्षांत एवढी घसरण, आणि राज्यात सर्वांत खाली आपण. मी आकडे लिहिले आणि गप्प बसले. सूनबाईच्या मांडीवर तिची दीड वर्षाची लेक झोपलेली. तिने पोरीच्या अंगावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "आलेख काढू का ह्याचा?" काढला. दोन स्तंभ, एक उंच, एक बुटका. त्यावर आम्ही कुणी काही बोललो नाही, पुढचा प्रश्न घेतला.

आता ब्राझील. हवामानाचा धडा चालला होता. ब्राझीलच्या ईशान्येला अवर्षण चतुष्कोन म्हणून कोरडा पट्टा आहे, उच्चभूमीच्या आडोशाने तिथे पाऊस पोचत नाही. ऊसतोडीवाली म्हणाली, "म्हंजे त्यंचं बीडच की बाई ते." मी हसले, पण घरी येऊन वाचायला बसले आणि थक्क झाले. उसाच्या उत्पादनात जगात पहिला ब्राझील, दुसरे आपण. तिथला निम्म्याहून अधिक ऊस एकट्या साओ पावलो राज्याच्या आसपास. आणि वर्षानुवर्षे तो तोडायला माणसे येत ती पुष्कळशी त्याच कोरड्या ईशान्य भागातून, हंगामापुरती, घरदार सोडून! त्यांना तिकडे ‘बोइया फ्रिया’ म्हणत. त्याचा अर्थ थंड जेवण. पहाटे घरून डबा भरून न्यायचा आणि फडात गारच खायचा, म्हणून ते नाव पडले.

दुसऱ्या दिवशी हे सांगितले तेव्हा ती पोर कितीतरी वेळ बोलली नाही. मग प्रश्नावर प्रश्न. त्यांचा हंगाम कधी? तर साधारण एप्रिल ते नोव्हेंबर. आपली माणसे कोयता खाली ठेवतात तेव्हा त्यांची तोडणी लागते. असे का? तर तो देश बहुतांशी विषुववृत्ताच्या खाली, मकरवृत्त साओ पावलो शहराला लागून जाते, आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. दक्षिण गोलार्धातले ऋतू मी कॉलेजात तीनदा घोकले होते. तिला ते एकदाच सांगावे लागले. वेळेचेही तसेच. आपल्याकडे दुपारचे बारा तेव्हा ब्राझीलियाला पहाटेचे साडेतीन. "त्या टायमाला माझी आई भाकरी थापाया बसती," ती म्हणाली. हे उदाहरण ती जन्मात विसरायची नाही. ब्राझील नको म्हणणारी मी, त्या दिवशी गप्प झाले.

दसऱ्यापर्यंत आमचा अवघड भाग झाला. आता खरी परीक्षा होती ती तिच्या वडिलांची. मी मुद्दाम घरी गेले. ते म्हणाले, "मॅडम, हंगामाच्या मधी हिला आणायचं कुणी? अन् तिकडं पोराला बघायचं कुणी?" त्यात एका नातेवाइकाने स्थळ आणलेले. मी स्थळाचे काही बोलले नाही, एवढेच म्हणाले की मुलगी अठराची होईपर्यंत तो विषय कायद्यानेच बंद आहे, तोवर दहावी तरी होऊ द्या. तोड काढली ती तिच्या आजीने. फेब्रुवारीला मी फडावर जाते, पोराला बघते, हिला इकडे पाठवा. आणि वडिलांनी उचल घेतानाच मुकादमाला तसे सांगून ठेवावे, म्हणजे मध्येच तंटा नको. मैत्रिणींनो, अभ्यासाच्या आखणीत हा भाग पुस्तकाइतकाच महत्त्वाचा धरा. परीक्षेला कोण आणणार, कुठल्या एस.टी.ने, मुक्काम कुणाकडे, हे दिवाळीच्या आधी ठरलेले हवे.

फडावर न्यायला मी तिला एक शंभरपानी वही दिली. पुस्तकाचा पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. लोक त्यासाठी सहली काढतात. आमच्या मुलीची सहल तर दरवर्षी ठरलेली! काय पाहायचे ते आधी लिहून दिले. रस्त्यात कुठल्या नद्या ओलांडल्या, माती कुठे बदलली, घरांची छपरे कशी, लोक विहिरीचे पाणी देतात की कालव्याचे, गावे एकत्र वसलेली की विखुरलेली, बाजार कुठल्या वारी. दर रविवारी संध्याकाळी ती वडिलांच्या फोनवरून मला फोन करी आणि वहीतले वाचून दाखवी. कधी रेंज नसे, कधी पाच मिनिटांत पैसे संपल्यासारखी घाई. तरी चालले.

येरमाळा, बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज असा त्यांचा रस्ता. मांजरा, सीना, भीमा, माण, कृष्णा अशा पाच नद्या तिने ओळीने लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे पाणी किती होते तेही. माणेपुढे लिहिले होते, "वाळूच." मिरजेच्या पुढे: "इथं सगळं हिरवं. पाऊस ताटाच्या ह्या बाजूला." वाहतुकीच्या धड्यासाठी कारखान्याच्या दारात एका तासात किती बैलगाड्या, किती ट्रॅक्टर आले ते मोजले. व्यवसायांच्या धड्यासाठी तर तिला काही शोधावेच लागले नाही. ऊस तोडणे प्राथमिक, साखर करणे द्वितीयक, पोती वाहून नेणे तृतीयक. पुस्तकात हे एका तक्त्यात आहे, तिच्या वहीत तीन पानांत.

इकडे घरी राहिलेल्या दोघींची क्षेत्रभेट मी जवळच केली. बाजारातून सीताफळे आणली, बालाघाटच्या या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कमी पाण्याच्या, खडकाळ उतारावर हेच झाड का तगते, यावर दोघींनी अर्धे पान लिहिले आणि मग सीताफळे खाल्ली. रेल्वेचे मात्र आता नवे उदाहरण मिळाले आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरात प्रवासी रेल्वे आली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग व्हावा म्हणून आपल्या आज्या-पणज्यांपासून सगळे वाट पाहत होते. वाहतुकीच्या धड्यात रेल्वे आल्याने बाजारपेठ कशी बदलते असा प्रश्न असला, तर यापुढच्या मुलींनी नागपूर-मुंबईची उदाहरणे पाठ करू नयेत, बीड स्टेशनावर जाऊन पाहावे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती आली. आजी तिकडे गेली, ही इकडे. हाताला पाचटाचे ओरखडे, वही मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली. उरलेले दिवस आम्ही नवे काही केले नाही. रोज एक कोरा नकाशा भरायचा, एक आलेख, आणि दोन देशांतला फरक विचारणारी चार उत्तरे घड्याळ लावून लिहायची. हे कोरे नकाशे कागदाच्या दुकानात अगदी स्वस्त मिळतात, एकदम पन्नास आणून ठेवा. चूक झाली की खोडू नका, नवा घ्या.

तिघी बसल्या, दोघी सगळ्या विषयांत सुटल्या. आजीची शुश्रूषा करणारी गणितात राहिली, पुन्हा बसणार आहे. ऊसतोडीवालीला भूगोलात ४० पैकी ३३ मिळाले. गणितात काठावर, पण सुटली.

निकालानंतर ती वही मला द्यायला आली. शेवटच्या पानावर तिने मला एक प्रश्न लिहून ठेवला होता. साओ पावलोत आता बहुतेक ऊस यंत्रानेच तोडतात, हे मी तिला फोनवर सांगितले होते. तिने विचारले होते, "यंत्र आल्यावर थंड जेवणवाल्या बायका कुठं गेल्या? त्यंच्या पोरी शाळेत गेल्या का?" आपल्याकडेही फडात यंत्रे दिसू लागली आहेत, तेव्हा प्रश्न काही उगाच नाही. उत्तर शोधायला मी तिलाच सांगितले आहे. अकरावीला तिने भूगोल घेतला आहे. तिची वही आता ओसरीवरच्या नव्या मुलींकडे आहे.